दीड फेरा

अशोक चौकाच्या मागे, आमच्या गल्लीत
शांतता फक्त लाईट गेल्यावर मिळते.
म्हणून मी थांबले होते.
दोन वाजून दहा मिनिटांनी माग बंद पडले,
एकेक नाही, सगळे एकदम,
आणि कानात जी पोकळी उरली
तिच्यात नायनांचा श्वास ऐकू आला, शिट्टी वाजवत.

कार्बोरेटर स्टीलच्या ताटात ठेवला होता.
अम्मा म्हणाली, ते ताट माझ्या माहेरचं.
घासून देते, मी म्हटलं.
पेट्रोलचा वास घासून जातो होय?
आणि विड्यांचं सूप उचलून
ती उंबऱ्यापलीकडे जाऊन बसली.
तंबाखूला वास लागला तर कारखान्यात
सगळा माल बाजूला काढतात.

गाडी एकोणनव्वदची. यामाहा.
नायना मिलमध्ये जॉबर असताना घेतलेली.
मिल गेली, गाडी राहिली.
भाऊ पुण्याहून सांगतो, भंगारात घाल.
इरण्णा मिस्त्री सांगतो, नवीन बसवा की ओ ताई,
अठराशेत सुटतंय, कशाला डोकं लावताय.
मी चादरीच्या दुकानात हिशेब लिहिते.
अठराशे म्हणजे किती, मला नीट ठाऊक आहे.

चार स्क्रू. एकाचा माथा झिजलेला;
त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा दाबून फिरवला,
तेव्हा कुठे हलला.
खालची वाटी निघाली.
आत हिरवट डिंक, कडेनं पांढरी पूड,
फ्लोट जागच्या जागी चिकटलेला.
पितळी जेट मी दाराच्या उजेडाला धरलं.
पलीकडचं ऊन
टाचणीच्या टोकाएवढं दिसायला हवं.
सोलापुरात, मे महिन्यात,
ऊन दिसलं नाही.

"तार घालू नको," नायना खाटेवरून म्हणाले,
"भोक मोठं होतं. मग ती पेट्रोल पीत सुटते."
मग काय करू?
त्यांनी मूठ तोंडाशी नेली, गाल फुगवले,
आणि तेवढ्यावर थांबले.

फुंकलं. जिभेवर थंड, कडू.
पुन्हा फुंकलं. तिसऱ्यांदा आत काहीतरी सरकलं
पण बाहेर येईना.
उंबऱ्यापलीकडून अम्माचा हात पुढे आला.
दिवसाला हजार विड्यांची तोंडं मिटणारी बोटं.
नखाच्या टोकात धरून तिनं अलगद ओढलं:

सूत.

तांदळाच्या कणीएवढं, पण मरून रंग अजून कळत होता.
"वेस्टेजनं पुसायचो मी टाकी," नायना म्हणाले,
"खात्यात ढिगानं पडलेलं असायचं."
त्यांनी ते चिमटीत घोळवलं.
"विसाचं आहे."
एवढ्याशावरून काय कळतं,
पण आम्ही दोघींनी विचारलं नाही.

मग उलट क्रमानं सगळं.
सुईची क्लिप तिसऱ्या खाचेत,
नवं गॅस्केट, चौदा रुपयांचं.
हवेचा स्क्रू हलक्या हातानं तळाला टेकवला
आणि वर बघितलं.
"ओकटिन्नर," नायना म्हणाले.
दीड.
आकडे ते तेलुगूत मोजतात,
घासाघीस कानडीत करतात,
शिव्या तेवढ्या मराठीत.

सहा किका वाया गेल्या.
सातवीला ती खोकली,
नवव्या किकेला धरली, आणि गल्लीभर निळा धूर.
समोरच्या लक्षव्वानं वाळत घातलेल्या कुरडया
शिव्या देत आत नेल्या.
"जरा खाली," नायना कान देऊन सांगत होते.
"अजून. जास्त झालं. आता तिला राहू दे."

तेवढ्यात लाईट आली.
गल्लीतले सगळे माग एकदम सुटले,
भिंती थरथरल्या,
आणि आमचं इंजिन त्या खटखटाटात कुठे बुडालं
मलाच कळेना.
नायनांचे ओठ हलले. चालू आहे का?

ते उठले. खाटेपासून गाडी सहा पावलं,
मध्ये खांबाला धरून एकदा थांबले.
टाकीवर तळहात ठेवला.
बराच वेळ ठेवला.
मग माझ्याकडे न बघता
दुसऱ्या हातानं हवेतच फिरवून दाखवला
न दिसणारा स्क्रू:
पाव फेरा, उलटा.