पांढऱ्यावर पांढरं

ग्रामपंचायतीच्या संगणकात, दाखल्यांच्या फायलींशेजारी
आमच्या चिचटोल्याचा कोश आहे.
एकशे बारा पानं. गावातलं कोणीही लिहावं.
बोड्या, धानाच्या जाती, कोणाचं मूळ गाव कोणतं,
कोणाला मागून काय म्हणतात.
काळं अक्षर, पांढरी पाठ, सगळी पानं एका तोंडाची.

ऋषी मारबते रहिवासी दाखला न्यायला आला.
मंडईतल्या नाटकांचे पडदे रंगवायचा पूर्वी,
फ्लेक्स आल्यापासून लोकांची दारं रंगवतो.
स्क्रीनवर वाकून म्हणाला,
"तलावाचं पान अन् मयतीची यादी
सारखीच दिसते. काहून बाप्पा?"

त्या रात्री सेटिंग उघडलं.
एक चौकट होती:
संपादकांना पानाची शैली बदलू द्यावी?
माऊसवर बोट तसंच राहिलं,
कारण मी गाव ओळखतो.
एखादा आजोबाचं नाव इतकं मोठं करेल
की ते शेजाऱ्याच्या ओळीवर जाऊन बसेल,
एखादा 'जतन करा'चं बटणच झाकून ठेवेल
म्हणजे आपल्यानंतर कोणी काही लिहायला नको.

मग बांध्या आठवल्या. एवढं पाणी,
तरी ज्याचं त्याच्या धुऱ्याच्या आत.
तसाच नियम बसवला:
तुझा रंग तुझ्या पानापुरता,
बाहेर थेंब नाही.
आणि चौकटीत खूण केली.

ऋषीकाका तीन दिवसांत शिकला.
बॉर्डरला धुरा म्हणतो,
पॅडिंगला मांडी घालायची जागा.
"सहा अक्षरांत निळा? माह्या डब्यातल्या निळ्याले
वासही होता."
तलावाला त्यानं काठ दिला, शिंगाड्याच्या वेलासारखा,
पोट मात्र पांढरंच ठेवलं. "पाण्याले रंग नसते."
रोवण्याचं पान कोणीतरी हिरवं केलं,
क्रिकेटचं इतकं भडक की धावा वाचता येईनात,
उपसरपंचांचं पान लुकलुकायला लागलं.
तेवढं मी बंद केलं.

मंडईच्या आठवड्यात दिसलं,
तलावाच्या पानावर, 'तलाव कोणी बांधला' या यादीखाली
चार ओळींची रिकामी जागा.
वाटलं, ऋषीकाकाची मांडी जरा जास्तच पसरली.
पुसायला म्हणून माऊस ओढला
आणि निळ्या पट्ट्यात अक्षरं उभी राहिली:

माती वाहणाऱ्या
सायत्रा, पुनाबाई, झिबली,
झिबलीची पोरगी. नाव ठेवायचं राहिलं होतं.

पांढऱ्यावर पांढरं.
संपादक डिलेश्वरी दिघोरे, रात्री एक वाजून दहा मिनिटं.
दहावीपर्यंत माझ्या वर्गात होती,
आता बसस्टॉपवर उकडलेले शिंगाडे विकते.

"लिहायचं तं पहिलेही जमत होतं," ती म्हणाली,
"पन दिसलं असतं तं कोनी पुसलं असतं.
तुवा रंग देल्ला, म्हनून लिवलं."
मी म्हटलं, मग काळं करू का आता?
तिनं एका गिऱ्हाईकाला सुटे पैसे दिले.
मग म्हणाली,
"माह्या अक्षराले हात नोको लावू.
पाठ बदलव.
एकदम नोको. हळूहळू."

म्हणून रोज दुपारी, दाखल्यांची गर्दी सरली की
पानाच्या पाठीचा एक आकडा खाली आणतो.
गाळाच्या रंगाकडे. एका दिवसात कळत नाही इतकंच.
आज एकोणिसावा दिवस.

सकाळी उपसरपंचांनी तलावाचं पान उघडलं,
थोडं मागं सरकले,
आणि चष्मा पुसला.