ऐंशी मिलिसेकंद

केयोनच्या खाडीत वीज जाऊन परत आली की
सामन माशांना एक मूठ खाद्य फुकट मिळायचं.
हे आधी माशांच्या लक्षात आलं,
मग तराफ्यावरच्या पहारेकरी निबाल्दोच्या,
आणि सगळ्यात शेवटी कंपनीच्या,
पोत्यांचा हिशेब जुळेना तेव्हा.

एदेलमिरा होडीतून आली, मांडीवर हत्यारांची पेटी.
खोक्याचं झाकण उघडलं:
मिठाने आत सगळीकडे हात फिरवलेला.
प्रोग्रॅम तिचाच. तीनदा वाचला.
"पहिल्याच ओळीत लिहिलंय मी, मोटर बंद."
निबाल्दोने मातेचा भोपळा तिच्याकडे सरकवला.
"आणि पहिल्या ओळीच्या आधी?"

तिने स्कोपचं टोक पिनवर टेकवलं.
वीज आली. मायक्रोकंट्रोलर डोळे चोळतोय,
आपलं घड्याळ शोधतोय,
आणि तोवर, ऐंशी मिलिसेकंद,
ती पिन कुणाचीच नाही.
शून्य नाही, तीन पूर्णांक तीन नाही,
पडद्यावर नुसती थरथरणारी हिरवी रेघ.
तारेच्या दुसऱ्या टोकाला मोटरची चिप
कान टवकारून उभी.
तिला काहीही ऐकू येतं:
पंपाची धडधड, रेडिओची खरखर,
एदेलमिराचं नुसतं जवळ आलेलं बोट.
आणि मौन म्हणजे संमती,
एवढंच तिला ठाऊक.

उपाय तांदळाच्या दाण्याएवढा.
तपकिरी, काळा, नारिंगी: दहा किलोओहम.
एक पाय पिनवर, एक ग्राउंडला.
"हा फक्त बोट धरून खाली बसवतो तिला,"
डाखावर फुंकर घालत ती म्हणाली,
"वरून हुकूम आला, की उठू देतो.
याच्या धरण्यात जोर नाही फारसा.
लागतही नाही."

निबाल्दोने मेन स्विच पाडला, वर केला.
मोटर ढिम्म.
पाडला, वर केला. पाचदा.
पाचही वेळा दिवा लागताच
जाळ्याच्या आतलं काळं पाणी उकळल्यासारखं झालं,
शेकडो तोंडं वर,
आणि हळूहळू पुन्हा सपाट.

एदेलमिराने वहीत लिहिलं: दोष दूर. वेळ, तारीख, सही.
तिच्या पाठीमागे पोत्याची कड खसफसली,
मग पाण्यावर टपटप, एक मूठ,
थोड्या वेळाने आणखी एक.
खोक्याचा शेवटचा स्क्रू
ती बराच वेळ आवळत राहिली,
मान वर न करता.