रिकामा नाही, म्हणून काढला नाही

उद्यमनगर, दुपारचे तीन. शटर अर्धं खाली.
बाहेर फेटलिंगची पोरं
थंड झालेल्या कास्टिंगचे रायझर तोडतायत,
खण्ण,
मग ग्राइंडरची लांबलचक किंकाळी.
आत मी, एक पंखा, आणि दस्तगीरचाचांचा सर्व्हर.
त्याच्यावर मोल्डिंगची काळी वाळू इतकी
की बोटानं नाव लिहावं.

जुनं बिलिंग काढायचं, नवं बसवायचं.
मालक म्हणाले, अर्ध्या तासाचं काम.

कमांड दिली. पॅकेज निघालं.
मागोमाग यादी आली :
आता कुणालाच नको असलेल्या सतरा लायब्रऱ्या.
कुणीतरी बोलावलं म्हणून आलेल्या,
बोलावणारा उठून गेला तरी
मांडवात बसून राहिलेल्या.
'हो' म्हटलं. गेल्या.
कॅशमधले चार जीबी गेले,
भट्टीतली राख ओढावी तसे, पण हात न भाजता.

शेवटची ओळ तेवढी अडली :
फोल्डर रिकामा नाही, म्हणून काढला नाही.

उघडला. एकच फाईल. दरांची.
आणि मधेमधे, मशीन जे वाचत नाही त्या खुणेमागे,
चाचा :

# शिरोळचे बाबगोंडा. पंप हाऊसिंग. जुनाच दर. कारण विचारू नये.
# सोमवारी लाईट नसते. बॅकअप रविवारी रात्री, मी येतो.
# पॅटर्न नं. ४० मोडलाय. 'दुरुस्तीला गेलाय' म्हणायचं.
# हे काढू नका. काढलं तर चालेल, पण फोन करा.

केला.
चाचा आधी मोल्डर, कॉम्प्युटर नंतर शिकलेले;
कान भट्टीनंच नेलेले. मी ओरडले,
"फाईल राहिलीय तुमची!"
"किती जागा खातीया?"
"चार केबी."
"मग?"

नवं बिलिंग बसताना विचारतं :
इथं आधीच एक फाईल आहे.
तुमची ठेवू, का आमची टाकू?
मी काही न लिहिता एंटर दाबलं.
काही न लिहिता म्हणजे 'तुमची'.

मंगळवारी बाबगोंडांचा मुलगा आला,
दोन हाऊसिंग, टेम्पो चालूच.
स्क्रीनवर आजचा दर.
जाळीच्या खुणेमागचं नव्यालाही वाचता येत नाही.
मी आकडा पुसला, जुना हातानं घातला.
मालक मागंच उभे होते.
चष्मा वर केला, बघितलं,
आणि बाहेर जाऊन पोरांना म्हणाले,
रायझर बाजूला टाका रे, उद्या वितळवायचेत.