नमुन्याचा तुकडा

मातुशाकबाईंनी नळी हातात घेतली,
आधी खिडकीकडे धरली, मग डोळे मिटून
अंगठा-तर्जनीत चोळली
आणि म्हणाल्या, "हे विणलेलं नाही."

बरोबर होतं त्यांचं.
ते ताणून केलेलं असतं. तव्याला पदार्थ चिकटू न देणारा लेप,
त्याचाच हा पांढरा भाऊबंद.
ना उभा धागा, ना आडवा.
डॉक्टर ग्झेलाक सांगायला विसरले होते
की त्यांनाच माहीत नव्हतं,
मला अजून कळलेलं नाही.

वूच शहरात चौतीस वर्षं मागापाशी उभ्या राहिल्या त्या.
गिरणीच्या लाल विटांत आता सिनेमा लागतो,
रंगाची पिंपं होती तिथे लोक कॉफी पितात.
उजव्या पावलाची दोन बोटं काळी.
रात्री पाय पलंगाखाली लोंबता सोडून झोपतात,
म्हणजे झोपत नाहीत.

"मला कापडच घाला," म्हणाल्या, "कारखान्यातलं.
या पायांकडून पुष्कळ घेतलंय मी.
आणखी काय तोंडाने मागू?"

ग्झेलाकांनी गुडघ्याच्या वर बोट ठेवलं.
इथवरच जायचं असतं तर मी वाद घातला नसता.
मग बोट घोट्यापर्यंत नेलं.
इथे वाट अरुंद, गुडघा सारखा वाकणारा,
परकी नळी इथे लवकर गोठते.
स्वतःची शीर टिकते.
नेहमी नाही. पण जास्त.

मी गार जेल लावून शिरा मोजत गेले.
उजवी, उभं राहून राहून गाठाळलेली.
डावी, पाच वर्षांपूर्वी हृदयाला उसनी दिलेली,
परत न आलेली.
मग त्यांनीच बाही वर सरकवली.
"तुटलेले धागे या हाताने जोडायचे मी."
दंडात सापडली ती,
साडेतीन मिलिमीटर,
आजवर कुणी न हटकलेली.

दुसऱ्या दिवशी बाजूच्या टेबलावर
खारट पाण्यात ती माझ्यासमोर होती.
एकेक फाटा रेशमाने बांधला.
थेंब गळला तिथे पुन्हा टाका, केसाहून बारीक.
लांबी पुरेना,
म्हणून दोन तुकडे टोकाला टोक लावून शिवले.

आणि उलटी केली.
कितीदा केलंय हे, तरी दरवेळी हात थबकतो.
शिरेत झडपा असतात,
हृदयाकडे निघालेल्यालाच दार उघडणाऱ्या.
जन्मभर चढ चढलेली वाट ही,
तिला उताराला लावायचं
तर डोकं खाली, पाय वर.
चिमटा काढला.
सत्त्याहत्तर वर्षांत नाडी म्हणजे काय
तिला ठाऊक नव्हतं.
दचकली, ताठ झाली,
मग ठोका घेऊ लागली.

पावलावर डॉपलर टेकवला.
खरखर. खरखर.
मग कुठूनतरी लांबून, हूश, हूश.
भूलतज्ज्ञ मोबाइल खाली ठेवून ऐकत राहिला.

एक बोट वाचलं. एक नाही.

ऑगस्टमध्ये तपासणीला आल्या, चालत, काठी टेकत.
मी विचारलं, "तो नमुना तुमच्याकडेच राहिला का?"
"बाल्कनीत टोमॅटोचं रोप बांधलंय त्याने.
कुजत नाही, उन्हाने पिवळं पडत नाही.
रोप मेलं तरी ते तसंच राहणार."
हे कौतुक होतं की तक्रार,
चेहऱ्यावरून कळेना.

पडद्यावर रक्त निळं-तांबडं वाहत होतं,
आणि सांध्यापाशी जरासं घाईत.
मी आकडा लिहिला. पुन्हा मोजला. तोच आला.
"जोडाशी थोडं आवळलंय," मी म्हटलं.
"जोड कुणी घातला?"
"मी."

काही बोलल्या नाहीत.
ट्रेमधला सुटा धागा उचलला, मधोमध तोडला,
आणि एकाच हाताच्या दोन बोटांत,
माझ्याकडे बघत,
गाठ मारली.
मला दिसलीच नाही कशी.
"पुन्हा दाखवा," मी म्हटलं.
बाहेर पुढचा पेशंट खोकत होता.
त्यांनी धागा परत तोडला.