हात लावू नये

कमाटीबागेत माळी अजून पाइप ओढतायत.
किल्लीवाला येईपर्यंत खोपकरबाई
आम्हा सात जणांना थर्मासमधला चहा वाटतात.
"इथंच संपवा हं, आत चालत नाही."

आत ट्यूब दोनदा चाचरते,
मग काचेमागे वीतभर तीर्थंकर.
डोळ्यात चांदीचा कण.
नाक नाही, ओठ नाहीत.

कुणी फोडलं? मी विचारतो.
"फोडलं नाही हो, झिजलंय.
रोज पहाटे पाणी, दूध, केशराची बोटं,
मग कोरड्या पंचाने पुसायचं.
पिढ्यान्‌पिढ्या.
लाडानं गेलंय ते नाक."

काचेवर तीन भाषांत लिहिलंय : हात लावू नये.
माझे हात उगाच खिशात जातात.

तेवढ्यात बादली सरकवत जशीबेन,
"जरा बाजूला, साहेब,"
आधी ओलं फडकं, मग कोरडं.
चेहऱ्यासमोर एक डाग उरतो.
त्या वाकतात, तोंडाची वाफ सोडतात,
पदरानं पुसतात.

खोपकरबाईंनी टॉर्च विझवलाय.
आरती संपेपर्यंत थांबावं
तशा त्या थांबल्यात.

"चला," मग म्हणतात,
"पुढं चवरी ढाळणारी आहे.
साडेदहाला पब्लिक येतं."