बुडवायचा दिवस

दसरा झाला की होडी नदीवरून वर येते,
मौजे डिग्रजच्या वरच्या आळीत, तातोबा आंबींच्या गोठ्यात,
जिथं आता म्हैस नाही, दावण तेवढी आहे.
सात माणसं लागतात उचलायला
आणि आठवा लागतो ‘डावीकडं, डावीकडं’ म्हणायला.
तो मी.

चार दगडांवर पालथी घालायची, जमिनीपासून हातभर वर.
दगडांना जळकं ऑइल, दिनूच्या गॅरेजमधलं,
वाळवीनं मातीची वाट बांधायला घेतली की दिसावी म्हणून.
फळ्यांना करंजेल, शिवणीशिवणीत,
बोट जाईल तिथं बोट,
जाणार नाही तिथं कोंबडीचं पीस.

हरिपूरच्या एका हळदवाल्यानं पोतंभर भुकटी धाडली एकदा,
म्हणाला, हिच्यापुढं किडा टिकत नाही.
तातोबानं पोतं सोडलं, हुंगलं, मूठभर चाळलं.
चाळणीत तांबूस भुंगे, चांगले पोसलेले,
हळद लागलेल्या नवऱ्यासारखे.
हसला नाही तो. पोतं पुन्हा शिवून दाराशी ठेवलं.

उंदराचं वेगळं.
उंदीर आधी वल्ह्याची मूठ खातो,
जिथं हाताचा घाम मुरलाय, त्यातलं मीठ.
म्हणजे तो आपल्यालाच खातो, थोडं थोडं.
म्हणून वल्ही आढ्याला, तारेनं,
आणि तारेत ओवलेल्या करवंट्या, पालथ्या,
की उतरणाऱ्याचा पाय घसरावा.
रात्री एखादी करवंटी वाजते.
तातोबा झोपेतच शिवी देतो, कूस बदलतो.

नाळेच्या आत कुंभारणीनं घर केलं होतं, मातीचं, सुपारीएवढं.
मी खराटा उचलला.
तातोबाची सून कुसाबाई दारातून म्हणाली, राहू दे.
तिला तेव्हा सातवा होता.
राहिलं.

शिमग्यानंतर लाकूड आक्रसतं.
होडीखाली निजून वर बघितलं तर
शिवणीतून उन्हाच्या रेघा.
उजव्या फळीखाली सकाळी पीठ सांडलेलं,
चिमटीभर, रोज.
तातोबा कान लावतो. मलाही लाव म्हणतो.
मला काही ऐकू येत नाही. मी हो म्हणतो.

मग मृगाच्या आठ दिवस आधी
होडी उतरवायची पाण्यात, दगड भरायचे, बुडवायची.
तीन दिवस.
शर्यतीतली नवी पोरं विचारतात,
वर्षभर जपली ती यासाठी?
‘फळी फुगली पाहिजे,’ एवढंच.

पाणी आत चढलं तसं
कुंभारणीचं रिकामं घर सगळ्यात आधी विरघळलं.
मग काठावर येऊ लागले एकेक,
झुरळं, एक पाल, कोळीण पोटाशी अंड्यांची पांढरी गाठ घेऊन.
काठ दोन बोटं उरला होता.
तातोबानं वल्हं आडवं केलं,
एक टोक होडीवर, एक कोरड्या दगडावर.
कुणी सांगितलं नव्हतं.
पूल व्हायच्या आधी
माणशी चार आणे घ्यायचा तो.
कोळीण गेली. पाल गेली.
गोम निम्म्यात जाऊन माघारी फिरली,
तिच्यासाठी तो थोडा वेळ थांबला, मग नाही.

शेवटचा दगड मी ठेवला.
होडी गेली खाली, आवाज न करता.
उजव्या फळीच्या जागी
बुडबुडे येत राहिले, बारीक, एका रांगेत,
आणि तातोबा कमरेएवढ्या पाण्यात उभा,
मान वाकडी करून.