पीळ

बारा वर्षं मी तारेचे पिंजरे विणले
उम्म अल-कुवैनच्या जुन्या बंदरात,
खल्फानच्या पत्र्याच्या शेडमध्ये.
गर्गूर म्हणतात त्याला. पालथ्या टोपलीसारखा घुमट,
एका बाजूने आत निमुळतं होत जाणारं नरसाळं.
मासा येतो, फिरतो,
फिरतच राहतो.

शेवटची गाठ मी बुरोंडीच्या पद्धतीने मारायचो:
दोन वेढे उजवे, एक डावा, शेपूट आत.
खल्फान हसायचा,
मासा काय गाठ बघायला येतोय?

आता मैथाबाईंच्या बोटीवर आहे.
काम उलटं.
दोर तुटलेले, कुणाचेच न उरलेले पिंजरे
सिनिया बेटाच्या कडेकडेने शोधून वर काढायचे.
बेटावर पाणकावळे. वाळू काळी दिसावी इतके.
खळग्यात अंडं, आणि अंड्यावर
उन्हाकडे पाठ करून उभी असलेली आई.
गळ्याची पिशवी थरथरते तिच्या,
सावली हलत नाही.

त्या दिवशी पाच वाव पाण्यातून एक वर आला,
तारेवर कालवांचा थर.
आत हामूर, आपल्याकडचा गोब्रा, जिवंत,
तारेला घासून घासून ओठ पांढरा.
खाली काटे, कितीतरी माशांचे.
आणि एक पाणकावळा, पंख अर्धे उघडलेले,
माशामागून नरसाळ्यात शिरलेला.
मैथाबाईंनी वहीत लिहिलं, एक.
मी गाठ पाहिली.

दोन वेढे उजवे, एक डावा.

काही बोललो नाही. पकडीने तार कापली.
हामूर दारातच थांबला जरा वेळ,
दार आहे हे पटेना त्याला.

मधल्या सहा वर्षांत मी दोनदा घरी जाऊन आलो,
थोरलीचं लग्न केलं, दात काढून घेतले.
हा मात्र कामावर होता.
दिवसपाळी, रातपाळी, ईदच्या दिवशीसुद्धा,
मालक नसताना.

मग म्हटलं, पिंजऱ्याला एक दार ठेवू
आणि ते कुजणाऱ्या दोरीने बांधू.
हरवला तर आपोआप उघडेल.
मेहुणा दाऊद सुट्टीवरून येताना घेऊन आला
काथ्याचा सुंभ, केळीचं सोपट, अंबाडीचं सूत.
शारजाच्या विमानतळावर विचारलं, हे काय?
म्हणाला, दोरी.
कशाला?
म्हणाला, कुजवायला.
अर्धा तास बसवून ठेवला त्याला.

खोलीच्या गॅलरीत बादलीभर समुद्र ठेवला,
रोज सकाळी प्रत्येक दोरीला बोटाने ओढून बघायचो.
सोपट अकराव्या दिवशी गेलं. फार लवकर,
खल्फान शिव्या घालेल.
सुंभ चार महिने झाले, तसाच.
म्हणीत जळूनही ज्याचा पीळ जात नाही
तो पाण्याला काय दाद देणार.
अंबाडी चाळिसाव्या दिवशी
काही आवाज न करता सुटली.

खल्फान म्हणाला, माझे मासे तुझे पक्षी खातात,
वर आता माझा पिंजराही उघडा ठेवू?
दोन चहा झाले.
मग म्हणाला, चाळीसपैकी तीनांना बांध,
आणि ते तीन कुठले, मला सांगू नकोस.

काल बांधली ती तीन दारं.
हात सवयीने तीच गाठ मारायला गेला:
दोन वेढे उजवे, एक डावा.
शेपूट तेवढं
बाहेर ठेवलं.